'सिबिल'च्या आड राहिलेल्या शर्ली

शर्ली आर्डेल मेसन हे नाव आजही फारसे कोणाला ठाऊक नाही. 'सिबिल' म्हणून मात्र त्यांची कहाणी जगभरातील लाखो वाचकांनी वाचली. एकाच देहात अनेक व्यक्ती नांदत असल्याचा अनुभव देणाऱ्या विकाराचा त्या चेहरा ठरल्या आणि हे ओझे त्यांनी अखेरपर्यंत मुकाट्याने वाहिले.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १९२३ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डॉज सेंटर या छोट्या गावी झाला. घरचे वातावरण कर्मठ ख्रिस्ती पंथाचे. एकुलती एक मुलगी चित्रांत रमे. महाविद्यालयात असताना शुद्ध हरपण्याचे झटके येऊ लागले आणि १९४५ मध्ये ओमाहा येथे डॉ. कॉर्नेलिया विल्बर यांच्याशी त्यांची गाठ पडली. पुढे शिक्षणासाठी न्यूयॉर्कला आल्यावर, १९५४ पासून, हेच उपचार पुन्हा सुरू झाले व सुमारे ११ वर्षे चालले.

या विकाराला छिन्नमनस्कता समजण्याची चूक नेहमी होते. यात भास होण्यापेक्षा स्मृतीचा धागा तुटणे महत्त्वाचे. मधले काही तास, कधी दिवसही हरवतात. एका 'मी'ने केलेले दुसऱ्या 'मी'ला आठवत नाही. फ्लोरा श्रायबर यांच्या 'सिबिल' या १९७३ च्या पुस्तकात नायिका अचानक परक्या शहरात भानावर येते आणि गेले काही दिवस कुठे गेले, याचा माग काढत राहते. व्हिकी, पेगी अशी १६ व्यक्तिमत्त्वे त्यात येतात. घडलेले आठवत नसतानाही आठवते असे भासवत चारचौघांत वावरणे, हीच या रुग्णांची रोजची कसोटी.

१९७६ मध्ये सॅली फील्ड यांच्या भूमिकेने ही कथा दूरचित्रवाणीवरून घरोघरी गेली. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. १९९४ मध्ये त्याचे 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' असे नामांतर झाले.

या कीर्तीला दुसरी बाजू होती. १९५८ मध्येच शर्ली यांनी डॉक्टरांना पत्र लिहून आपल्यात अशा निराळ्या व्यक्ती नाहीत, आपण सोंग केले, असे कळवले होते. डॉक्टरांनी तो उपचारांना होणारा विरोध मानला. शर्ली यांनीही नंतर माघार घेतली. त्यांना तपासणारे डॉ. हर्बर्ट स्पीगेल यांनाही हे निदान पटले नव्हते. डेबी नेथन यांच्या २०११ च्या पुस्तकाने हा वाद पुन्हा पेटवला. एका रुग्णावरून विकार खरा की खोटा हे ठरत नाही. पण उपचार करणाऱ्याची अपेक्षा रुग्णाच्या मनाला कसे वळण देऊ शकते, याचा धडा त्यातून मिळतो. शर्ली यांची वेदना मात्र कोणत्याही बाजूने खोटी ठरत नाही.

पुस्तकातील तपशिलांवरून ओळखीचे लोक त्यांना ओळखू लागले, तेव्हा ओहायोतील अध्यापनाची नोकरी सोडून त्या केंटकीतील लेक्सिंग्टनला, डॉ. विल्बर यांच्या जवळ राहायला गेल्या. वृद्धापकाळी आजारी पडलेल्या डॉक्टरांची, १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, त्यांनीच शुश्रूषा केली. २६ फेब्रुवारी १९९८ रोजी शर्ली यांचे कर्करोगाने निधन झाले आणि त्यानंतरच त्यांचे खरे नाव जगापुढे आले. घराच्या तळघरात त्यांनी जपून ठेवलेली अनेक चित्रे सापडली. त्यांतील काहींवर त्यांनी सहीच केलेली नव्हती.