दोन सावल्यांचे गणित

पोलंडमधील वॉर्सा येथे १८६७ साली जन्मलेल्या मादाम मेरी क्यूरी यांचे नाव रेडियमच्या शोधामुळे जगभर झाले. दोन वेळा नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या विदुषीच्या आयुष्यातील एक पर्व मात्र प्रयोगशाळेबाहेर, रणभूमीच्या वाटेवर घडले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सवर युद्ध कोसळले. सैनिकांच्या शरीरात गोळ्या व तोफगोळ्यांचे तुकडे रुतून बसत. ते नेमके कोठे आहेत हे न कळल्यामुळे शस्त्रवैद्यांना अंदाजाने चिरफाड करावी लागे. क्ष-किरणांची विद्या १८९५ पासून ठाऊक होती; पण यंत्रे शहरांत आणि जखमी दूर, जेथे वीजही नाही अशा ठिकाणी! मादाम क्यूरींनी मोटारी मिळविल्या व त्यांच्याच इंजिनावर चालणारे विद्युतजनित्र आणि क्ष-किरणांची नळी त्यांत बसविली. पन्नाशीकडे झुकलेल्या बाई स्वतः मोटार चालविण्यास शिकल्या.

परंतु यंत्र पोहोचले म्हणजे काम झाले असे नव्हे. क्ष-किरणांचे चित्र ही अखेर सावलीच. दिव्यासमोर बोट धरले, तर केवळ त्याच्या सावलीवरून ते भिंतीपासून किती दूर आहे हे सांगता येईल काय? गोळीचेही तसेच. शिवाय जखमी जरासा हलला की सावलीच्या कडा पुसट होत. नळी तिरपी असली की सावली भलतीकडेच पडे. म्हणून एकदा चित्र घेतल्यावर नळी ठरावीक अंतर बाजूला सरकवून दुसरे चित्र घेत. गोळी खालच्या काचेपासून जितकी उंच, तितकी तिची सावली अधिक सरके. ते सरकणे मोजले की त्रिकोणांच्या साध्या गणिताने गोळीची खोली निघे. ही रीत पूर्वीपासून ठाऊक होती. पण रणांगणाच्या घाईत मोजमाप काटेकोर ठेवणे सोपे नव्हते.

त्यांची कन्या ईरेन अवघ्या अठराव्या वर्षी बेल्जियममधील एका लष्करी रुग्णालयात हे काम एकटीने सांभाळू लागली. तेथील एका शस्त्रवैद्याचा या गणितावर विश्वास नव्हता. एका जखमीच्या मांडीतील तुकडा, जेथून तो शिरला होता त्याच बाजूने ते शोधीत राहिले. तुकडा काही सापडेना. शेवटी ईरेनने दाखविलेल्या दिशेने त्यांनी शोध घेतला, तो तुकडा लगेच हाती आला!

युद्ध संपेपर्यंत सुमारे २० मोटारी व रुग्णालयांतील २०० क्ष-किरण कक्ष मादाम क्यूरींच्या प्रयत्नांतून उभे राहिले, आणि सुमारे १५० स्त्रिया हे काम शिकून तयार झाल्या. त्या काळी किरणांपासून पुरेसे संरक्षण मात्र कोणालाच नव्हते. या किरणांच्या व रेडियमच्या दीर्घ सहवासामुळे जडलेल्या रक्ताच्या विकाराने १९३४ साली त्यांचे निधन झाले.