साबणाचे गणित मांडणारा शेव्हरल

घरी केलेल्या साबणाने हात धुतले असता कधी कधी कातडी चरचरते, बोटे कोरडी पडतात, त्यांना भेगा जातात. तेल वाईट होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः दोष बहुधा मापाचा असतो. तेलास लागतो त्याहून अधिक कॉस्टिक सोडा पडला, म्हणजे उरलेला सोडा वडीत तसाच राहतो व त्वचेस जाळतो. हे कोडे ज्यांच्या संशोधनाने उलगडले, त्या मिशेल युजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

शेव्हरल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आंझे या नगरात एका वैद्याच्या घरी झाला. ते तीन वर्षांचे नाहीत तोच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. त्या धामधुमीतच शिक्षण करून १८०३ मध्ये ते पॅरिसला आले आणि व्होकलँ या नामांकित रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करू लागले.

साबण तेव्हाही शतकानुशतकांचा जुना होता. परंतु तो करणे ही केवळ हातोटीची गोष्ट होती. चरबीत क्षार किती घालावा, हे कारागीर अनुभवाने ठरवीत. अंदाज एका बाजूस चुकला की वडी तेलकट, दुसऱ्या बाजूस चुकला की दाहक! साबण म्हणजे चरबी व क्षार यांचा नुसता संयोग, अशी विद्वानांचीही समजूत होती.

१८११ मध्ये एका कापड कारखानदाराने साबणाचा एक नमुना शेव्हरल यांच्याकडे परीक्षेसाठी पाठविला. तो पाण्यात कालवून ठेवला असता त्यातून मोत्यासारखे चकाकणारे द्रव्य वेगळे झाले. ते आम्लधर्मी निघाले. चरबीपासून झालेल्या साबणात आम्ल कोठून आले? या एका प्रश्नामागे त्यांनी बारा वर्षे वेचली. गाय, मेंढी, डुक्कर, मनुष्य अशा नाना प्राण्यांची चरबी त्यांनी तपासली. प्रत्येक घटक शुद्ध करून त्याचा वितळणबिंदू मोजला. १८२३ मध्ये हे सारे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्यातून सिद्ध झाले ते असे : तेल वा चरबी ही मेदाम्ले व ग्लिसरीन यांची बनलेली असते. क्षार मिळताच ती फुटते. आम्ल क्षाराशी संयोग पावून साबण होतो व ग्लिसरीन सुटे होते. हा संयोग ठराविक प्रमाणातच घडतो. त्यापलीकडचा क्षार कितीही ढवळला तरी साबणात रूपांतर पावत नाही.

पुढील रसायनज्ञांनी या पायावर प्रत्येक तेलाचे माप ठरविले. आपल्याकडील १०० ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलास सुमारे साडेतेरा. खोबरेलाचे माप शेंगदाणा तेलास लावले, तर साडेचार ग्रॅम सोडा हात भाजण्यास उरलाच! म्हणून चमच्याने नव्हे, तराजूने मापावे, आणि सोडा हिशेबापेक्षा शेकडा ५ कमीच घ्यावा. वडीवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून तो गडद गुलाबी झाला, तर सोडा शिल्लक आहे असे समजावे. अशी वडी किसून, थोड्या पाण्यात मंद आचेवर वितळवून, बेताचे तेल घालून घोटावी. काही आठवडे ठेवल्याने वडीतील पाणी उडून ती कठीण होते. पण फार अधिक पडलेला सोडा नुसत्या थांबण्याने जात नाही. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. आणि सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कदापि ओतू नये.

शेव्हरल यांचे कार्य साबणापुरते राहिले नाही. १८२४ मध्ये गोबलँ येथील गालिचे व पडदे विणण्याच्या सरकारी कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. काळा रंग फिका दिसतो, अशी तेथे तक्रार होती. त्यांनी शोध घेतला, तेव्हा रंग निर्दोष निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो डोळ्यांना तसा भासत होता. साबणात काय अन् रंगात काय, दोष सर्वांना वाटतो तेथेच आहे, असे त्यांनी कधी गृहीत धरले नाही. रंगांच्या या परस्परपरिणामावरील त्यांचा १८३९ चा ग्रंथ पुढे चित्रकारांसही मार्गदर्शक ठरला.

१८८६ मध्ये त्यांची जन्मशताब्दी त्यांच्या हयातीतच साजरी झाली. एवढा मान मिळूनही ते स्वतःस फ्रान्समधील सर्वांत वयोवृद्ध विद्यार्थी म्हणवीत. ९ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.

ज्या साबणाकडे कोणी विद्वान दुसऱ्यांदा पाहिला नसता, त्यात शेव्हरल यांनी आयुष्याची बारा वर्षे घातली. म्हणूनच आज साबणाची वडी हाताला सुखद होईल की दाहक, हे नशिबावर नव्हे, आपल्या तराजूवर अवलंबून आहे.