बाहुलीचा हौद बांधणारे सत्यशोधक डॉक्टर

पुण्यातील 'बाहुलीचा हौद' हे नाव अनेकांनी ऐकले आहे. तो बांधणारा बाप मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्या बापाचे नाव.

घोले यांचा जन्म १८३३ चा, गवळी समाजातला. बहुजनांच्या पोराने पाटी हातात धरणे हाच गुन्हा मानला जाई, त्या काळात ते शस्त्रवैद्य झाले. ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय खात्यात त्यांनी नाव कमावले. रावबहादूर किताब मिळाला, व्हाइसरॉयचे मानद सर्जन झाले. त्याच पिढीत पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये गुलामीतून सुटलेल्या कुटुंबात जन्मलेले डॉ. आफ्रिकानस हॉर्टन हेही ब्रिटिश लष्करात डॉक्टर झाले. काळा माणूस जन्मतःच हीन, हा गोऱ्यांचा दावा त्यांनी १८६८ साली ग्रंथ लिहून खोडून काढला. तिकडे रंग, इकडे जात. दोघांनीही आपला हुद्दा समाजाच्या कामी लावला.

सरकारी मानमरातब सांभाळत घोले घरी बसले नाहीत. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे अध्यक्षपद त्यांनी उघडपणे स्वीकारले. १८८८ साली पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा उपचार घोले यांनीच केले. पुढे जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले.

या निष्ठेची किंमत घोले यांनी आधीच मोजली होती. त्यांची लेक काशीबाई, लाडाची बाहुली. तिला शिकवायचे ठरवताच भाऊबंद खवळले. १८७७ साली, अवघ्या आठ वर्षांची असताना ती गेली. तिला काचा कुटून घातलेला लाडू खाऊ घातला, असे आजवर सांगितले जाते. बापाने सूड घेतला नाही, माघारही घेतली नाही. १८८० साली लेकीच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो अस्पृश्यांसह सर्वांना खुला केला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर ४७ वर्षांनी झाला. घोले १९०० साली वारले.

शिकलेल्यांनी दगा दिला, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात बोलून दाखवली होती. आज अहिल्यानगर जिल्ह्यात आपल्या मुलांच्या दारांवर डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा पाट्या झळकतात. त्यातले किती जण वस्तीत परत येतात? मीही वकील आहे. म्हणून हा प्रश्न आधी स्वतःला विचारतो, मग तुम्हाला.