एका संशोधकाची उपेक्षा

प्रयोगशाळेत सिद्ध झालेला भ्रूण त्याच महिन्यात गर्भाशयात ठेवावयाचा, की गोठवून पुढील एखाद्या महिन्यात, हा प्रश्न आज सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावातील अपत्यहीन दांपत्यापुढेही येऊ शकतो. हा मार्ग ज्यांनी प्रथम चोखाळला त्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हजारीबाग येथे १९३१ साली जन्मलेल्या मुखोपाध्यायांनी कलकत्ता व एडिंबरो या दोन्ही विद्यापीठांची डॉक्टरेट मिळविली होती. अधिक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून संप्रेरकांची इंजेक्शने दिली, की त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्यास तितकेसे अनुकूल राहत नाही. म्हणून सुनीत मुखर्जी व सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसह त्यांनी भ्रूण गोठविला, ५३ दिवस राखला आणि नंतरच्या नैसर्गिक ऋतुचक्रात गर्भाशयात ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा जन्मली. इंग्लंडातील लुईस ब्राउनच्या जन्मास तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते, आणि तेथील भ्रूण ताजा होता. ऑस्ट्रेलियात गोठविलेल्या भ्रूणापासून बालक जन्मले ते १९८४ साली!

पण पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने हा दावा अमान्य केला. या विषयाचा खरा जाणकार त्या समितीत नव्हता. १९७९ साली जपानातील परिषदेस जाण्याची अनुमती त्यांना नाकारण्यात आली. १९८१ च्या जून महिन्यात प्रजननशास्त्राच्या या अभ्यासकाची बदली चक्क नेत्ररोग संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

त्यांची दिशा चुकीची नव्हती. बीजकोशात गाठी असणाऱ्या स्त्रियांत गोठविलेला भ्रूण अधिक यशस्वी ठरतो, असे चीनमधील २०१६ च्या चाचणीत आढळले. इतर स्त्रियांत फारसा फरक दिसत नाही; उलट गोठविलेल्या भ्रूणाच्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा अधिक असतो. तेव्हा सरसकट नियम नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली, आणि देशातील पहिल्या परीक्षानलिका-बालकाचे श्रेय डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांना लाभले. १९९७ साली मुखोपाध्यायांची टिपणे वाचल्यावर आनंदकुमारांनी तो मान आपण होऊन मुखोपाध्यायांना दिला. शास्त्रज्ञांत असे औदार्य विरळाच. दुर्गेने आपली ओळख जगापुढे उघड केली ती २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवशी.