हिंगणघाटला निजलेला नकाशेवाला

मेहकरकडच्या एका शेतकऱ्यानं वऱ्हाडाच्या जुन्या नकाशाची छापील नक्कल आणली. पणजोबांचं गाव शोधायचं होतं. सापडलं. पण अशा नकाशांचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन आपल्याला माहीत नसतात.

यॉर्कशायरच्या साध्या घरातला हा लष्करी अधिकारी. 1802 मध्ये मद्रासजवळ त्यांनी साखळीनं सुमारे 12 किलोमीटरची पायारेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी पुढे नेली. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आदळून वाकला. दुसरा असता तर घरी गेला असता! साहेब सहा आठवडे तंबूत बसून तो सरळ करीत राहिले.

नागपूरकडे निघाले असता 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. पुढचं काम एव्हरेस्ट यांनी नेलं, शिखराला नावही त्यांचंच लागलं.