डॉ. कमला सोहोनी

चिरलेल्या वांग्याची फोड काळवंडते. आपल्या निपाणीकडचा हिरवा तंबाखू कापून वाळत घातला की तपकिरी होतो. पेशींतील फिनॉल-द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हा रंग येतो, आणि तो संयोग एन्झाइम, म्हणजे विकर, घडवून आणते. अशा विकरांचा अभ्यास करणाऱ्या एका मराठी विदुषीचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत प्रथम येऊनही बंगळूरच्या विज्ञान संस्थेने त्यांना प्रवेश नाकारला. कारण एवढेच, की त्या स्त्री होत्या! संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने असे करावे, याचा आम्हांस आजही विषाद वाटतो. कमलाबाई मात्र हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अजमावणीवर त्यांना घेण्यात आले. वर्ष सरले, रामन यांची खात्री पटली, आणि पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेचे दार उघडले.

नंतर केंब्रिज. तेथे डेरेक रिश्टर यांच्यासह त्यांनी प्राण्यांमधील फिनॉलेझ विकरे व अ‍ॅड्रिनलिन यांवर १९३८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. बटाट्यावर काम करताना श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असल्याचे त्यांना आढळले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा!

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतील पोषणमूल्यांवर केलेल्या संशोधनास राष्ट्रपती-पारितोषिक लाभले. १९९८ साली त्या निवर्तल्या.