दुर्बीण तीच, भिंग बदलले

आपल्या पंचांगात आणि जन्मपत्रिकेत एक ग्रह ‘हर्षल’ या नावाने येतो. शाळेच्या पुस्तकातला युरेनस तो हाच. नाव अस्सल संस्कृत वाटते, पण आहे ते एका जर्मन वादकाचे आडनाव. विल्यम हर्शेल यांनी हा ग्रह शोधला तो घरामागच्या बागेतून, आणि त्या शोधात डोळ्याजवळच्या छोट्या भिंगाचा, म्हणजे आयपीसचा, मोठा वाटा होता.

हर्शेल यांचा जन्म 1738 चा, हॅनोव्हरमधला. वडील लष्करी बँडमध्ये वाजवत, मुलगाही तिथेच लागला. 1757 मध्ये, विशीही गाठलेली नसताना, तो इंग्लंडला आला आणि पुढे बाथ शहरात एका चॅपलचा ऑर्गनवादक झाला. दिवसभर शिकवण्या आणि मैफली, रात्री गणित आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके. चांगली दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून 1773 पासून तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे ते घरीच घासू लागले. पॉलिश करताना हात मध्येच थांबवून चालत नसे. अशा वेळी बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवी.

आरसा प्रकाश गोळा करतो. प्रतिमा किती मोठी दिसणार, हे मात्र आयपीस ठरवते. आरशाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की किती पट ते कळते. हर्शेल यांच्या सात फुटी दुर्बिणीचे नाभीय अंतर सुमारे 2,100 मिलिमीटर होते. तिला नऊ-साडेनऊ मिलिमीटरचे भिंग लावले की वस्तू 227 पट मोठी दिसे.

13 मार्च 1781 च्या रात्री हेच भिंग लावून ते मिथुन राशीतले तारे पाहत होते. एक ठिपका शेजाऱ्यांपेक्षा जरा जाड वाटला. त्यांनी 460 पटींचे भिंग लावले, मग 932 पटींचे. ठिपका त्याच प्रमाणात फुगत गेला, शेजारचे तारे तसे फुगले नाहीत. तारे इतके दूर असतात की कितीही मोठे केले तरी त्यांचा बिंदूच राहतो. ग्रहाला मात्र तबकडी असते. युरेनसची तबकडी जेमतेम चार विकलांची, तरी 227 पटींना ती नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या निम्म्याएवढी भासते. हर्शेल यांना आधी तो धूमकेतू वाटला. कक्षेचे गणित झाल्यावर ग्रह असल्याचे ठरले.

हाच ग्रह फ्लॅमस्टीड यांनी 1690 मध्येच पाहिला होता आणि तारा म्हणून यादीत नोंदवून टाकला होता!

मोठ्या आकड्यांचा मोह हर्शेल यांनाही सुटला नाही. आपली काही भिंगे सहा हजार पटींच्याही वर जातात, असा त्यांचा दावा होता आणि समकालीनांचा त्यावर विश्वास बसेना. शंका रास्त होती. प्रतिमा जितकी मोठी, तितका तोच प्रकाश पातळ पसरतो, हवेची थरथरही तितकीच वाढते आणि ग्रह काही सेकंदांत नजरेबाहेर पळतो. आज ढोबळ मर्यादा धरतात ती आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुप्पट. हर्शेल यांचा आरसा 6.2 इंची, म्हणजे मर्यादा तीनशेच्या आसपास. 932 ची करामत त्यांच्या आरशाला आणि सरावलेल्या डोळ्याला साधली, एवढेच. खोक्यावर छापलेल्या सहाशे पटींना भुलून छोटी दुर्बीण घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

गच्चीवर 150 मिलिमीटर व्यासाची, 1,200 नाभीय अंतराची दुर्बीण असेल तर 25 आणि 10 मिलिमीटरची दोन आयपीस पुरतात. त्यांतून 48 आणि 120 पट मिळतात. सोबत दुप्पट करणारे बार्लो भिंग घेतले की 96 आणि 240. डझनभर आयपीसचा संच बहुधा पेटीतच राहतो. वयाचाही विचार करावा. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास. या दुर्बिणीला तीसपेक्षा कमी पट लावले तर पाच मिलिमीटरहून रुंद झोत बाहेर येतो आणि कडेचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. जवळचा किंवा दूरचा साधा नंबर फोकस फिरवून सांभाळता येतो, चष्मा काढून ठेवावा. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा लावूनच पाहावे लागते, मग डोळा भिंगापासून थोडा लांब ठेवूनही पूर्ण दृश्य देणारे आयपीस निवडावे.

शोधानंतर तिसऱ्या जॉर्ज राजाने हर्शेल यांना वर्षाला 200 पौंड लावून दिले आणि शिकवण्या सुटल्या. 1783 पासून जवळजवळ वीस वर्षे त्यांनी वीस फुटी दुर्बिणीने आकाश पट्ट्यापट्ट्याने विंचरले. ते बाहेर दुर्बिणीला डोळा लावून वर्णन सांगत आणि कॅरोलाइन आत घड्याळाशी बसून लिहून घेई. सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ या जोडीने नोंदवले. या कामात त्यांचे नेहमीचे भिंग एकच होते, 157 पटींचे. 1789 मध्ये उभारलेली प्रचंड चाळीस फुटी दुर्बीण हलवायला जिकिरीची होती, त्यामुळे ते पुन:पुन्हा वीस फुटीकडेच वळत.

1822 मध्ये स्लाउ येथे, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बाथमधल्या न्यू किंग स्ट्रीटवरच्या 19 क्रमांकाच्या त्या घरात आता त्यांचे संग्रहालय आहे. मागची बागही पाहता येते.